वर कोण?

गेल्या महिन्यात दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये एका घरी जेवायला बोलावलं होतं. मसालेभात झाला, मठ्ठा झाला, आणि मग अविनाश नेने पाय पसरून बसले. नव्या मंडळींना त्यांनी समुद्राच्या तळाशी लागलेल्या आपल्या समाधीची गोष्ट सांगायला घेतली. मी ताट उचललं, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. इतकी वर्षं झाली तरी ती गोष्ट कानावर पडली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नेन्यांच्या गोष्टीत समुद्र आहे, मासे आहेत, प्राणायाम आहे. लोपीससाहेब फक्त शेवटी येतात, तेही 'एक तापट माणूस' म्हणून, नावाशिवाय. तर त्या तापट माणसाबद्दल आता मीच सांगते.

सायमन लोपीस वसईचे. नव्वदच्या दशकात बर दुबईतल्या आमच्या ऑफिसात ते परचेस मॅनेजर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. बुटके, रुंद, टकलू. चालताना बूट चावत असल्यासारखे चालायचे. चष्मा दोरीने गळ्यात, आणि राग कायम नाकावर. सप्लायरने फोनवर 'इन्शाल्ला, टुमारो' म्हटलं की ते म्हणायचे, "इन्शाल्ला तो ठीक है, ट्रक किधर है?" जास्तच भडकले की वसईच्या त्यांच्या बोलीत शिरायचे. त्यातलं आम्हाला एक अक्षर कळायचं नाही, पण फोनच्या पलीकडच्या मल्याळी माणसाला बरोबर कळायचं आणि ट्रक यायचा.

ऑफिसात त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणी जेवायला निघालं, बँकेत निघालं, अगदी बाथरूमला निघालं तरी ते मान वर न करता विचारायचे, "वर कोण?" म्हणजे तू गेल्यावर तुझ्या कामाकडे, तुझ्या फोनकडे बघणारं कोण. नव्या माणसाला वाटायचं की हे वरच्या मजल्याची चौकशी करताहेत. मलाही पहिले काही महिने वाटायचं. तो प्रश्न कुठून आला हे मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा समुद्रावर गेले तेव्हा कळलं.

दर शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, लोपीससाहेब पूर्व किनाऱ्यावर जायचे. सकाळी लवकर शारजातून निघायचं, धैदवरून डोंगरात शिरायचं, मसाफीच्या बाजारात केळी घ्यायची आणि घाट उतरून समुद्र गाठायचा. खोरफक्कानच्या पुढे रस्त्यापासून आत, दोन डोंगरांच्या मध्ये खडकांची एक खाडी होती. फार लहान. पाणी इतकं नितळ की भरतीलासुद्धा वर तरंगताना तळाची वाळू दिसायची. काठावरून बघितलं तर काळ्या खडकांखेरीज काही नाही. तोंड पाण्यात घातलं की मात्र पिवळे-निळे मासे, खडकाला तोंड लावून कुरकुर चरणारे पोपटमासे, आणि एक कासव, जे आमच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

बाकी सगळे तिथे नळी तोंडात धरून वर वर तरंगायचे. लोपीससाहेब खाली जायचे. पाठीवर सिलिंडर वगैरे काही नाही. एक श्वास घ्यायचा आणि जायचं. लहानपणी वसईच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, ते अंगठीएवढे खडे शोधून आणायचे, तिथली ही सवय. जमिनीवर बूट चावल्यासारखा चालणारा हा माणूस पाण्यात कमरेत वाकायचा, पाय एकदाच वर उचलायचा आणि आवाज न करता खाली सरकत जायचा. ते बघितल्यावर मला पहिल्यांदा त्यांचा हेवा वाटला. त्याआधी नुसता संताप यायचा.

आणि खाली जायच्या आधी, दर वेळी, नळी तोंडातून काढून ते विचारायचे, "वर कोण?"

नियम असा होता. एक खाली गेला की एकाने वर राहायचं. वर राहायचं म्हणजे तोंड पाण्यात, डोळे खालच्या माणसावर, तो वर येऊन नीट श्वास घेईपर्यंत. मधे कासव दिसलं तरी तिकडे बघायचं नाही. 'वर कोण'ला कुणीतरी स्पष्ट 'मी' म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालायची नाही. 'मी' आलं नाही तर साहेब काठावर जाऊन बसायचे. शार्क, पाणसाप, जेलीफिश यांतलं काही माणसाला फारसं मारत नाही असं ते म्हणायचे. "माणूस मरतो तो कोणी बघत नाही म्हणून."

त्यांच्यामागे हळूहळू आम्ही शारजाच्या अल नहदातली सात-आठ मराठी घरं जायला लागलो. माझा नवरा मिलिंद, आमची सई, कुलकर्णी जोडपं, आणखी काही. साहेबांनी आम्हाला पाण्यात काय छळलंय ते सांगत बसले तर रात्र होईल. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून त्यात थुंकून चोळायचं, हे ऐकून आमच्या पुणेरी बायका उष्ट्या-खरकट्याच्या विचाराने मागे सरल्या. "मग धुक्यात बघा," म्हणाले आणि निघून गेले. कुलकर्ण्यांना झुपकेदार मिशा. मिशांमुळे मास्क चेहऱ्याला बसेना, आत पाणी शिरायचं. मिशी काढा नाहीतर व्हॅसलिन चोपडा, असे दोनच पर्याय मिळाले. मग ते बिचारे दर शुक्रवारी ओठांवर व्हॅसलिनचा थर लावून फिरायचे.

मंगळसूत्राचा तंटा तर खूप चालला. चकाकणारं काही दिसलं की दातांचे लांबट मासे झडप घालतात, म्हणून सगळं काढून ठेवा, असा हुकूम निघाला. एकीनेही काढलं नाही. कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, मी पाण्यातच येत नाही. साहेब चिडले, पुटपुटले, गाडीकडे गेले आणि औषधाच्या पेटीतली रुंद चिकटपट्टी घेऊन आले. पेंडंट, वाट्या, सगळं ज्याचं त्याने गळ्याशी चिकटवून टाकायचं. त्या दिवसापासून आम्ही बायका ऑपरेशन होऊन आल्यासारख्या गळ्याला पट्ट्या लावून समुद्रात उतरायचो. पण उतरायचो. घरी सोडून या, असं त्यांनी पुन्हा एकदाही म्हटलं नाही.

त्यांच्याजवळ दोन थर्मास असायचे. एकात चहा, दुसऱ्यात नुसतं कढत पाणी. समुद्रातल्या काटेरी चेंडूवर पाय पडला की पाय कढत पाण्यात धरायचा, आग उतरते. एकदा कुणीतरी त्या पाण्यात टी-बॅग बुडवली. आता काटे लागले तर पाणी कुठून आणू, म्हणून साहेबांनी त्या माणसाला दिवसभर अनवाणी फिरू दिलं नाही.

एक गृहस्थ शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून निघाले होते. साहेबांनी त्यांना घाटातून परत फिरवलं. सगळ्या गाड्या वळल्या. तो तुकडा आता परत चिकटणार आहे का, असं ते गृहस्थ विचारत होते. चिकटणार नाही, पण तुमच्या शोकेसमध्येही दिसणार नाही, असं म्हणून साहेबांनी त्यांना पाण्यात उतरायला लावलं. प्रेमाने सांगता आलं नसतं का? आलं असतं. त्यांना प्रेमाने काही सांगताच यायचं नाही, आणि पुढे जे झालं त्यात हीच गोष्ट त्यांच्या विरुद्ध पुरेपूर वापरली गेली.

आता नेने. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे, मोठ्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होते, आणि सकाळी आपल्या हॉलमध्ये प्राणायामाचे वर्ग घ्यायचे. वर्ग चांगले होते, मीही गेले आहे. पण त्यांना खाडीवर आणलं आणि त्यांच्या लक्षात आलं की श्वासाच्या बाबतीत इथे आपल्यापेक्षा वरचढ कुणीतरी आहे. तेही परचेसमधला एक टकलू. ते त्यांच्या पचनी पडेना.

साहेब पाण्यात जायच्या आधी सावकाश, झोपल्यासारखा श्वास घ्यायचे. नेने भस्त्रिका करायचे. काठावर मांडी घालून, भात्यासारखे जोरजोरात श्वास, चेहरा लाल होईपर्यंत. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पाण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. त्याने हवा जास्त भरत नाही, फक्त गुदमरल्याची जाणीव उशिरा होते. कधीकधी ती व्हायच्या आतच दिवा जातो. माणसाला कळतसुद्धा नाही.

"हे आपलं हजारो वर्षांचं शास्त्र आहे, लोपीस," नेने म्हणाले.

"घरात करा ना. सतरंजीवर पडलात तर नाक फुटेल फक्त."

मंडळी हसली. नेन्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढचे काही शुक्रवार ते साहेबांच्या देखत भस्त्रिका करत नव्हते, एवढंच.

मग एका शुक्रवारी कुलकर्णीवहिनींच्या तळपायात काटे गेले. साहेब त्यांचा पाय कढत पाण्यात धरून काठावर बसले होते, मी थर्मास धरला होता. खडकाच्या पलीकडून मंडळींचा आवाज येत होता. कुलकर्णी खडकावर उभे राहून हातातल्या घड्याळात बघत मोठ्याने वेळ पुकारत होते. मधूनच टाळ्या पडत होत्या. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "बघा, हलतसुद्धा नाहीत."

साहेबांचा हात थांबला. वहिनींचा पाय त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि ते पळाले. त्या खडकांवर कालवांची धार असते, आम्ही जाड चपला घालूनसुद्धा जपून चालायचो. ते अनवाणी पळाले. मी वहिनींचा पाय तसाच टाकून मागे धावले, तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. छातीभर पाण्यात नेने पालथे. हात खडकावरून सुटलेले. काठावर चार माणसं टाळ्या वाजवताहेत आणि पाचवा घड्याळाकडे बघतोय. घड्याळाकडे. नेन्यांकडे बघणारं एकही माणूस तिथे नव्हतं. सगळे तिथेच होते आणि वर कोणी नव्हतं.

साहेबांनी त्यांना उताणं केलं, मास्क ओढून काढला. नेन्यांचे ओठ जांभळे पडले होते. साहेबांनी त्यांची मान हातावर धरली, चेहऱ्यावर फुंकर घातली, गालावर चापट्या मारल्या आणि म्हणाले, "नेने, श्वास घ्या. इकडे बघा. श्वास घ्या." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना ना आधी ऐकलं होतं ना नंतर. मग घोरल्यासारखा एक आवाज आला आणि नेन्यांनी श्वास घेतला. डोळे उघडले. दोन-तीन श्वास नीट झाले. साहेबांनी ते नीट बघून घेतले, आणि मग त्यांच्या एक सणसणीत कानाखाली वाजवली.

सगळे नेन्यांना वारा घालायला धावले. लोपीससाहेब खडकावर बसले. त्यांच्या तळव्यांतून रक्त वाहत होतं, ते मी आणि मिलिंदनेच पाहिलं. वहिनींसाठी आणलेलं कढत पाणी त्यांच्या पायांना लागलं. मी विचारलं, एवढं मारायची काय गरज होती. ते म्हणाले, "आधीच्या चापट्या त्याच्यासाठी. शेवटची माझ्यासाठी."

नेन्यांना हॉस्पिटलमध्येही त्यांनीच नेलं, नको नको म्हणत असताना, रक्ताळलेल्या पायांनी गाडी चालवत.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. माणूस वाचला, दोन पेढे द्यायचे, पाया पडायचं. पण नेन्यांना आठवत होतं ते एवढंच, की आपण पाण्यात शांत पडलो होतो, कसलाही त्रास नव्हता, आणि एकदम कुणीतरी चारचौघांत, बायकोसमोर थोबाडीत मारली. पंधरा दिवसांत त्या शांततेची समाधी झाली. गणपतीत आरतीनंतर ते सांगायला लागले की आपण त्या अवस्थेत आणखी बराच वेळ राहू शकलो असतो, लोपीसने घाबरून ती मोडली. लोक माना डोलवत होते. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना तर ही गोष्ट फारच सोयीची होती. समाधी असेल तर त्यांनी माणूस मरताना टाळ्या वाजवल्या नाहीत, एका योग्याला दाद दिली.

मग नेन्यांच्या हॉलमध्ये मिटिंग भरली. लोपीसकडे लायसन्स आहे का? हात उचलणाऱ्या माणसाबरोबर बायकामुलांना पाठवायचं का? एक बाई म्हणाल्या, त्यांच्या लोकांना आपल्या शास्त्राचं काय कळणार. त्या 'त्यांच्या लोकां'नी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला फक्त एवढंच सांगा, टाळ्या कोण वाजवत होतं?"

कुलकर्णी आपल्या मिशीवरून हात फिरवत जमिनीकडे बघत होते. त्यांना बोलता आलं असतं. घड्याळ त्यांच्या हातात होतं. मग नेनेवहिनींनी कॉफी आणली, आणि पुढच्या शुक्रवारपासून जुमेराच्या बीचवर जायचं ठरलं. तिथे वाळू होती, नारळपाणी होतं, आणि कुणी ओरडणारं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांवर तुटून पडले. तुम्ही येऊन खरं काय ते सांगत का नाही? तो माणूस तुमच्या नावावर बिल फाडतोय, आणि तुम्ही कोटेशनं तपासत बसलाय.

"मी कशाला सांगू? त्याला कळलंय," ते म्हणाले.

त्याला कळलं होतं, हे खरं. नेने त्यानंतर कधीच पाण्यात उतरले नाहीत. जुमेराला गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे राहायचे आणि आमच्या बिल्डिंगच्या स्विमिंग पूलवर टॉवेल घेऊन खुर्चीतच बसायचे. त्याला कळलं होतं म्हणून माझा राग कमी होतो का? उलट वाढतो. आणि लोपीससाहेबांवरही मी तेव्हा चिडले होते, अजून चिडलेली आहे. सप्लायरच्या एका ट्रकसाठी अख्खी दुबई डोक्यावर घेणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक शब्द बोलता येऊ नये?

त्यानंतर वर्षभर मी समुद्राचं नाव काढलं नाही. सईची शाळा, मिलिंदच्या शिफ्ट. ऑफिसात साहेब 'वर कोण?' विचारत राहिले, सप्लायरवर ओरडत राहिले. शुक्रवारी ते खाडीवर जातात एवढं मला ठाऊक होतं, कारण शनिवारी त्यांचं टक्कल भाजलेलं असायचं. मग त्यांना साठ पूर्ण झाली, व्हिसा पुढे वाढेना, आणि वसईचं तिकीट निघालं. त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी मी मिलिंदला म्हटलं, आज घाटातून जाऊ या. त्यांना सांगितलं नव्हतं.

खाडीवर त्यांची गाडी उभी होती. ते त्यांच्या नेहमीच्या खडकावर बसले होते. अंगावर पाण्याचा काळा सूट, कपाळावर मास्क, शेजारी पायात घालायचे लांब पंखे. सूर्य चांगला वर आला होता. मी जवळ गेले. सूट कोरडा होता. पंखे कोरडे होते. केस नव्हतेच, पण टक्कलही कोरडं.

"झालं पोहून?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

त्यांनी पाण्याकडे बघत खांदे उडवले. "वर कोणी नाही."

मला समजायला वेळ लागला. मी विचारलं, गेल्या शुक्रवारी? त्याच्या आधी? दोन्ही वेळा त्यांनी नकारार्थी मान हलवली. हा माणूस वर्षभर दर शुक्रवारी दोन तास गाडी चालवून, सूट चढवून, त्या खडकावर बसून घरी परत जात होता. ज्या पाण्यात त्यांना डोळे मिटून उतरता आलं असतं, त्यात ते उतरले नव्हते, कारण विचारल्यावर 'मी' म्हणणारं कोणी नव्हतं. आणि ऑफिसात मी रोज त्यांच्या समोरच्या टेबलावर बसत होते.

"मला एक फोन करता आला नाही तुम्हाला?" माझा आवाज चढला. मिलिंदने वळून पाहिलं.

"तुझी पोर लहान आहे, बाय. शुक्रवार तुमचा असतो."

मी तरातरा परत फिरले. गाडीतून पट्टी आणली, मंगळसूत्र गळ्याशी चिकटवलं. मिलिंदच्या मास्कमध्ये थुंकले, चोळलं. सई काठावरून विचारत होती, "मम्मा, व्हाय आर यू सो अँग्री?" मी तिला बाबांकडे जायला सांगितलं आणि पाण्यात शिरले. साहेब माझ्या मागून आले. मधल्या मोठ्या खडकापाशी आम्ही थांबलो. ते बराच वेळ पालथे पडून सावकाश श्वास घेत राहिले. मग नळी काढली.

"वर कोण?"

"मी," मी ओरडले.

ते वाकले आणि खाली गेले. ते जाताना मी वरून बघत राहिले. टक्कल, खांदे, मग नुसते पंखे. तळाच्या वाळूवर पोचल्यावर ते वळले आणि उताणे झाले. दोन्ही हात डोक्याखाली घेऊन, अंगणात बाजेवर पडावं तसे पडून राहिले. पोपटमासे त्यांच्या कानाशी चरत होते. ते वर बघत होते, माझ्याकडे. कासव आलं की नाही मला माहीत नाही. माझा मास्क आतून भरायला लागला होता, आणि ते पाणी समुद्राचं नव्हतं.

ते वर आले. श्वास घेतला, सोडला, परत घेतला. मग मास्कमधून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वर असताना रडायचं नाही," ते खेकसले. "दिसत नाही."

मी मास्क काढला, पाणी ओतलं, परत थुंकले, काच चोळून मास्क डोळ्यांवर चढवला. तोवर ते थांबले होते. नळी हातात घेऊन त्यांनी पुन्हा विचारलं. मी 'मी' म्हटलं आणि तोंड पाण्यात घातलं.